सूपभर कोंड्याचं नाव

"कुर्रर्र... कोंडी."

माझ्या लेकीनं पाळण्यात तोंड घालून बाळाच्या कानात हे सांगितलं आणि शेजारी पडलेल्या माईकनं ते मांडवभर ऐकवलं. पाळणा गाणाऱ्या बायांसाठी तो आणला होता, बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. सून पाटावर बसली होती, तिचा चेहरा उतरला. तिची आई नागपूरहून आली होती, तिनं घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. बाळाचं नाव दुसरंच ठरलेलं होतं. कोंडी हे माझं नाव आहे.

आमच्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि ती वाकली की बाकीच्या बाया तिच्या पाठीत गुद्दे घालतात. का घालतात ते मला माहीत नाही. माझ्या पाठीत घातले होते, म्हणून मीही घालते. लेक आसगावला दिलेली, बांधीत दिवसभर वाकून धानाची रोवणी करणारी. पाठ मजबूत आहे तिची. पण त्या दिवशी सहा-सात जणींनी एकदम हात चालवले आणि त्यातला सगळ्यात जड हात माझा होता. शेजारीण मला म्हणाली, "कोंडे, हळू मार वो." लेकीच्या तोंडाशी आलेलं नाव गुद्द्यांनी पळालं होतंच, कानावर जे पडलं तेच तिनं पुढे बाळाच्या कानात घातलं.

कानात गेलेलं नाव मागे घेता येत नाही, अशी आमच्याकडची समजूत. आत्या पहिल्यांदा बोलली ते पक्कं. बाळाला काही कळत नाही, पण बायांना कळतं, आणि तेवढं पुरतं.

सुनेचं मन त्या दुसऱ्या नावात अडकलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोनदा पोटातलं राहिलं नाही. ते नाव तिनं पहिल्या वेळेपासून जपून ठेवलं होतं. मुलगी झाली त्याच दिवशी मुलानं मला ते मोबाइलवर दाखवलं. मी चौथी शिकलेली आहे, वाचता येतं. तिथे तीन रकाने होते. अर्थ, उगम, लोकप्रियता. अर्थ लिहिला होता दवावर पडलेला पहिला किरण. उगम संस्कृत. लोकप्रियतेपुढे लिहिलं होतं, अत्यंत दुर्मिळ. मी विचारलं, एवढं चांगलं आहे तर कोणी ठेवत काहून नाही?

"कोनी ठेवत नाही म्हनूनच तर ठेवून राहिलो, माय," मुलगा म्हणाला.

ते नाव म्हणायला गेलं की माझी कवळी सरकते, म्हणून मी 'बाळ' म्हणायचं ठरवलं होतं. लेकीनं मात्र आठ दिवस पाठ केलं. निंदण करताना म्हणायची, बसमध्ये म्हणायची. तळहातावर लिहूनही आणलं होतं, पण सकाळी घुगऱ्यांचे हरभरे धुताना ते पुसून गेलं.

तर मांडवात आता दोन पक्ष पडले. विहीणबाईंचं म्हणणं होतं की पुन्हा नीट सांगा, पहिलं धरायचं नाही. आळीतल्या बायांचं म्हणणं होतं, गेलं ते गेलं. लेक रडायला लागली. सून रडत नव्हती, पाळण्याची दोरी घट्ट धरून बसली होती, आणि ते जास्त वाईट होतं. माझ्या मुलाला घरात असं काही झालं की सुचत नाही. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि माझं नाव त्यात घातलं. मग वाचून दाखवलं, अर्थ, अडथळा, खोळंबा, अडकून पडणे. खाली फोटो होता, एका घाटात ट्रकांची रांग. वाहतूक कोंडी.

"माय, तू तं ट्राफिक जाम हायेस."

"त्यात खोटं काय हाये," शेजारीण म्हणाली. "इच्या समोरून कोन पुढे गेला आजवर?"

बायांना हसू फुटलं. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. सुनेच्याही ओठाचा एक कोपरा हलला, मी पाहिलं.

मला राग आला, पण शेजारणीचा नाही. ती पन्नास वर्षं हेच म्हणते. राग आला त्या मोबाइलचा. त्याला काही येत नव्हतं आणि तरी तो बोलत होता. मी माईक उचलला. तीन रकाने आहेत ना, म्हटलं, तिन्ही मीच भरते.

अर्थ. कोंडी कोंडण्यातली नाही, कोंड्यातली. तांदूळ कांडला की वरचा जो भुगा निघतो, ढोरांना घालतात, तो कोंडा.

उगम आमच्या मागच्या अंगणातला उकिरडा. माझ्या आधी आईला झालेली लेकरं टिकली नव्हती. मी झाले तेव्हा दाई म्हणाली, ही घरची म्हणून ठेवू नका. मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. ठरल्याप्रमाणे दाई मागच्या वाटेनं आली, कोणाचं हे टाकलेलं पोर, असं मोठ्यानं म्हणाली आणि मला उचललं. मग आई दारात आली आणि तिनं मला विकत मागितलं. दाई दोन सुपं कोंडा मागत होती, आई एकावर अडून बसली. ओली बाळंतीण, नीट उभं राहवत नव्हतं, पण घासाघीस सोडली नाही, असं दाई मरेपर्यंत सांगायची. शेवटी एका सुपात सौदा झाला. कोंड्याच्या भावात घेतलेल्या पोराकडे यमाचं लक्ष जात नाही, असा हिशेब. यमाचं मला माहीत नाही. दाईच्या शेळीनं तो कोंडा खाल्ला, एवढं नक्की.

आणि लोकप्रियता. माझ्या लहानपणी गावात आम्ही तिघी कोंड्या होतो. गुरुजींनी हाक मारली की तिघी उभ्या राहायच्या आणि छडी एकीची असली तरी तिघी खायच्या. एक चिखल्याला दिली, तिचा नवरा खदानीत होता. दुसरी आंधळगावच्या बाजारात मुरमुरे विकायची. दोघी गेल्या. आता आजूबाजूच्या दहा गावांत या नावाची मी एकटी. म्हणजे तुमच्या मोबाइलच्या भाषेत अत्यंत दुर्मिळ.

एवढं बोलून मी माईक ठेवला. मी काही कोणाची समजूत काढत नव्हते. नाव बदलायचं तर खुशाल बदला, हेही सांगून टाकलं.

सुनेनं पाळण्यात वाकून बाळाचं दुपटं सारखं केलं. मग तिनं मला विचारलं, "घरात कोंडा आहे का, आई?"

कोंडा होता. गोठ्यात पोतं भरून होता.

"मग सूप आणा. कानातलं नाव तुमचं राहू द्या, कागदावर मी माझं लिहीन. पण मी हिला विकत घेणार."

विहीणबाई म्हणाल्या, अगं, तू एवढी शिकलेली. सुनेनं ऐकलं नाही. उकिरड्यावर ठेवू द्यायला मात्र ती तयार नव्हती, म्हणाली इन्फेक्शन होईल. म्हणून सूप धुऊन, पुसून, त्यात दुपटं घालून ओट्यावर ठेवलं. लेकीनं डोळे पुसले, बाळ उचललं आणि कोणाचं हे टाकलेलं पोर म्हणून ओरडली. ओरडायला तिला पाठ करावं लागलं नाही.

"दोन सुपं घेईन," ती म्हणाली.

"एक," सून म्हणाली.

"वयनी, डोळे पहा हिचे. दोन."

"रंग बापावर गेला आहे. एक."

मुलगा कसनुसा हसला. बायांनी टाळ्या वाजवल्या. सून जागची हलली नाही, एक म्हणजे एकच. शेवटी विहीणबाईंनीच सूप भरून आणलं, नव्या लुगड्याला कोंडा लागला तरी झटकला नाही. लेक तो कोंडा पिशवीत बांधून आसगावला घेऊन गेली. तिच्याकडे म्हैस आहे.

नात आता दीड वर्षाची आहे. कागदावरच्या नावानं बोलावलं तर येत नाही. कोंडी म्हटलं की आम्ही दोघीही वळून बघतो.

त्या दिवशी मांडव सोडताना सून माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. तुम्ही एकूण किती भावंडं, असं तिनं विचारलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं, सहा. तीन माझ्या आधीची, दोन माझ्या मागची. मी टिकले तशी आईची भीती गेली आणि मागच्या दोघांना तिनं देवाची चांगली नावं ठेवली होती. नावानं काही होतं असं मी म्हणत नाही. सहांतली मी एकटी जगले.