एका वर्षाचा फरक

माझ्या मोठ्या दिरांना सगळ्यातलं सगळं कळतं. बहरीनमध्ये मनामा शहरात एका कंपनीत ते अकाउंट्स बघतात, पण शुक्रवारी त्यांच्या घरी जेवायला बसलं की ते डॉक्टर असतात, वकील असतात, देशाचे अर्थमंत्री असतात. लग्न होऊन मी बहरीनला आले तेव्हापासून हे शुक्रवारचं जेवण चालू आहे. त्यांचा फ्लॅट बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत, आमचा तुबलीला. माझे यजमान तिथल्या एका गॅरेजमध्ये स्टोअर सांभाळतात आणि घरातली कुठलीही गोष्ट दादांना विचारल्याशिवाय करत नाहीत. आम्ही फ्रिज घेतला तेव्हाही दादांनी शोरूममध्ये येऊन दार उघडून-मिटून बघितलं होतं.

त्या शुक्रवारी प्रश्न फ्रिजचा नव्हता, माझ्या मुलीचा होता. तिची बारावी झाली होती. इथल्या इंडियन शाळेत शिकलेली पोर, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र अर्धंअधिक इंग्रजीत. नर्सिंग करायचं हे तिचं तिने ठरवलं होतं, मी त्यात चकार शब्द काढला नव्हता. पुण्यात एका कॉलेजात डिग्रीला तिचं नाव लागलं होतं. चार वर्षांची बी.एस्सी. प्रवेश पक्का करायला रविवारपर्यंतची मुदत होती. आणि दुसरीकडे, रत्नागिरीजवळ, माझ्या नणंदेच्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, तीन वर्षांचा डिप्लोमा. नणंदेने तिथे परस्पर शब्दही टाकून ठेवला होता.

मी स्वतः नर्स आहे. डिप्लोमा करून इथे आले, आल्यापासून नोकरी करते आहे. म्हणजे त्या टेबलाभोवतीच्या माणसांत ह्या विषयावर बोलायचा हक्क असलेली एकच बाई होती आणि ती उभी राहून हमूर माशाचं कालवण वाढत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

"काय गो बाय," दीर माझ्या मुलीला म्हणाले, "पुण्याला कशाला जातेस? आत्याकडे राहा, डिप्लोमा कर. शेवटी इंजेक्शन ते इंजेक्शन. फरक फक्त एका वर्षाचा."

"आणि तीन वर्षांत मोकळी होशील," जाऊबाई म्हणाल्या. "स्थळं बघायला बरं. नर्स मुलगी म्हटलं की गल्फमधली मुलं लगेच तयार होतात."

माझे यजमान मान डोलवत होते. दादा बोलायला लागले की त्यांची मान आपोआप हलते.

"ओके काका, आय विल थिंक," मुलगी म्हणाली आणि भात कालवायला लागली.

आता माझ्या पुतण्याबद्दल सांगायला हवं, कारण तोही तिथेच बसला होता. तो मुंबईला इंजिनिअरिंग करतो, सुट्टीला आला होता. दुसऱ्या वर्षात त्याचे विषय राहिले, वर्ष गेलं. पोरगा वाईट नाही, पण त्या वर्षात त्याने काय केलं हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. तेव्हा ह्याच टेबलावर दीर म्हणाले होते की एका वर्षाने काय आभाळ कोसळतंय, उलट मुलगा समजूतदार होईल. आम्ही सगळ्यांनी मान डोलवली होती. मीसुद्धा. त्याचं कोणी लग्न काढलं नाही, त्याला कोणी आत्याकडे राहा म्हटलं नाही.

मी पळी पातेल्यात ठेवली. "भाऊजी, फरक फक्त एका वर्षाचा आहे ना? मग ते वर्ष देऊन टाका तिला."

"म्हणजे?"

"म्हणजे एक वर्ष काही फार नाही असं तुम्हीच म्हणताय. ह्याचं गेलं तेव्हाही म्हणालात. मुलाचं वर्ष वाया गेलं तर चालतं आणि मुलीने शिकण्यात घालवलं तर जड होतं, हा कुठला हिशोब?"

पुतण्या मान खाली घालून माशाचा काटा शोधायला लागला. जाऊबाईंचं तोंड उतरलं. दीर मात्र हसले. ते हसले नसते तर कदाचित मी तिथेच थांबले असते.

"अगो, एवढी तापतेस कशाला? तू स्वतः डिप्लोमावरच इथवर आलीस ना? काय कमी पडलं तुला?"

काय कमी पडलं ते सांगायला बसले असते तर कालवण आटून पातेलं करपलं असतं. मी नुसतं म्हटलं, "ते तुम्ही मला कधी विचारलंत?" आणि आत जाऊन भांडी घासायला लागले. इतकी जोरात, की जाऊबाई दारातून म्हणाल्या, काचेची आहेत हो.

सांगते काय कमी पडलं. मी ज्या खाजगी हॉस्पिटलात आहे तिथे वॉर्डची इन-चार्ज व्हायला डिग्री लागते. माझ्या वॉर्डची इन-चार्ज केरळची आहे, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. तिला मीच पहिल्या दिवशी वॉर्ड फिरवून दाखवला होता. ती कामाला चोख आहे, मला दीदी म्हणते, तिच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, आणि तीच तर पंचाईत आहे. ती वाईट असती तर मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. ती शिकली, तिला जागा मिळाली. गणपतीत मला सुट्टी मिळणार की नाईट लागणार हे ती ठरवते. जागा निघाली की मी जाहिरात वाचते, पहिल्या ओळीत डिग्री दिसते, मी फोन बाजूला ठेवते. वरची जागा, शिकवायची जागा, दुसऱ्या देशात जायची वाट, सगळीकडे तीच ओळ आडवी येते. नोकरी, घर आणि लहान मूल सांभाळून पुढचं शिकायला निघाले होते एकदा. तेव्हाही शुक्रवारी चर्चा झाली, आणि आता ह्या वयात कशाला, असं ठरलं. ते वय होतं तीस.

जेवणं आटोपून आम्ही निघालो. गाडीत बसल्या बसल्या यजमान सुरू झाले.

"दादांसमोर असं बोलायची काय गरज होती? घरी बोलता आलं नसतं?"

"घरी तुम्ही म्हणता, दादांना विचारू."

"ते आपल्या भल्याचंच सांगतात."

मी तोंड उघडणार एवढ्यात मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "आई, इट्स फाइन. मी डिप्लोमा करते. इट्स जस्ट वन इयर. तू पण तेच केलंस ना, अँड यू आर हॅपी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दिरांचं मी ऐकून घेतलं होतं, जावेचं घेतलं होतं. पण माझ्याच पोरीच्या तोंडून, तेही माझाच दाखला देऊन? हॅपी म्हणे! घरात मी कुरकुर करत नाही, युनिफॉर्म धुऊन वाळत घालते आणि चहा टाकते, त्यालाच हे लोक सुख समजत होते.

मी वळून बसले आणि सगळं सांगितलं. इन-चार्जचं, जाहिरातींचं, अर्ध्यात सोडलेल्या शिक्षणाचं. आवाज चढला होता, शेजारच्या गाडीतला माणूस बघत होता, बघू दे. "आनंदात नाहीये मी," मी म्हटलं. "मला माझं काम आवडतं आणि मी रोज चिडून घरी येते, दोन्ही खरं आहे. तुला डिप्लोमा स्वतःला हवा असेल तर कर, मी एक शब्द बोलणार नाही. पण माझ्याकडे बघून करू नकोस."

सलमानियाच्या सिग्नलला गाडी थांबली होती. मुलगी म्हणाली, आणि चक्क सगळं मराठीत म्हणाली, "मग तू का नाही केलीस डिग्री?"

"प्रवेश मिळाला होता मला. कोल्हापूरला."

"मग?"

"लग्न ठरलं होतं. मुलगा बहरीनला होता. त्याने निरोप पाठवला, डिप्लोमा कर, एक वर्ष वाचेल."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने ड्रायव्हरच्या सीटकडे बघितलं. यजमानांची मान ह्या वेळी हलत नव्हती. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजले, त्यांनी गिअर टाकला.

"मीच म्हणालो होतो," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, लवकर येशील."

लवकर आले होते मी. तुबलीचं वळण आलं. मग त्यांनी घसा साफ केला.

"डिग्रीलाच जाऊ दे तिला. दादांना मी सांगतो. यल्ला, चला, आज रात्रीच फॉर्म भरून टाकू."

झालं. एवढंच. कोणाचं मत घेतलं नाही, कोणाला फोन केला नाही, गाडीचा वेगसुद्धा कमी केला नाही. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मुलीसाठी तो झालाही, नाही म्हणत नाही. पण आधी आला तो रागच. इतक्या सहज देता येण्यासारखी गोष्ट होती ही. चालत्या गाडीत, एका वाक्यात.

आणि मागून मुलगी पुढे झुकली, तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थँक यू, बाबा."