साळवी भाऊसाहेबांची खळ

साळवी भाऊसाहेब कचेरीत दोन डबे आणत. एकात भाकरी-भाजी, दुसऱ्यात तांदळाच्या पिठाची खळ. ते तलाठी, मी त्याच कचेरीत कारकून. विनापरवाना बांधकामांच्या नोटिसा त्यांनाच चिकटवाव्या लागत आणि डिंक कधी वेळेवर मिळत नसे, म्हणून वहिनी रोज सकाळी खळ शिजवत. नवीन असताना मी चुकून तो डबा उघडून बोट चाटलं. तेव्हापासून कुणीही भेटलं की ते माझी ओळख करून देत, "हे आमचे खळ खाल्लेले साहेब."

चार सजे, म्हणजे चार तलाठ्यांची गावं, एकट्याकडे, गाडी नाही. कापडे गावापर्यंत एसटी, पुढे चालत. "आपण चिकटवायचं, फाडायला माणसं कमी नाहीत," म्हणत.

आंबेनळी घाटाच्या वाटेवर एका वाडीच्या डोक्यावर बंगल्यांसाठी कुणीतरी डोंगर उभा कापला. बांधकाम पाडायचा हुकूम निघाला, पण आमच्याकडे मशीन नव्हतं. त्या चढावर जाणारा एकच जेसीबी होता, आणि डोंगर त्यानेच कापलेला. भाऊसाहेब मागायला गेले की त्याचा मालक म्हणे, "बंद हाय, भाऊसायब. पार्ट मुंबईवरनं यायचाय." शेवटी बाहेरून मशीन मागवा, असं पत्र त्यांनी दिलं. ते माझ्या टेबलावर आलं. 'यंत्र उपलब्ध झाल्यावर कार्यवाही करण्यात येईल,' असा शेरा मारून मी ते फाइलला लावलं.

तिसरी नोटीस लावताना मीही बरोबर होतो. कापलेल्या डोंगराच्या अगदी खाली सखूआजीचं घर. ती वर येऊन बघत उभी राहिली.

"कागदानी डोंगर थांबल काय वो, भाऊसायब?"

"नाय थांबणार गो आजी. तू मुंबईला मुलाकडे जा."

"नि शेरडं काय त्याच्या खोलीत बांधू?"

भाऊसाहेबांनी नोटिशीचे कोपरे पुन्हा एकदा अंगठ्याने दाबले.

श्रावणात एका दुपारी डोंगर खाली आला. बाकीची माणसं शेतावर होती, सखूआजी घरात होती. जेसीबी अर्ध्या तासात पोचला. पार्ट कधी आला, हे कुणी विचारलं नाही. भाऊसाहेबांनी उभ्यानेच पंचनामा लिहिला, मी वर छत्री धरली. बंगल्याच्या फाटकावर तिसरी नोटीस चारही कोपऱ्यांनी घट्ट होती. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही, आणि त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाइल मागवली. माझा शेरा दोनदा वाचला.

"अक्षर चांगलं आहे तुमचं," म्हणाले आणि फाइल परत दिली.

त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत ते एकच डबा आणत. नोटिसा शिपाई लावू लागला. माझ्याशी ते नीट बोलत, चहाला हाक मारत, दोष तर कधीच दिला नाही. फक्त कुणी नवीन माणूस आला तर माझी ओळख आता मलाच करून द्यावी लागे.