इम्प्रूव्हमेंट हाय

दवाखान्यात बाटल्या रिकाम्या होत जातात आणि किस्से साठत जातात. बहात्तरच्या दुष्काळानंतरची काही वर्षं मी तासगावात एका लहान दवाखान्यात नर्स होते. माहेर साताऱ्याला, नवरा लवकर गेलेला, खोलीवर ऐकायला कुणी नाही. त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठले. आता तुम्ही सापडलाय, तर बसा.

आमच्या डॉक्टरांचा लाडका शब्द इम्प्रूव्हमेंट. राउंडला पेशंटची नाडी बघायची आणि म्हणायचं, "इम्प्रूव्हमेंट आहे." नातेवाइकांनी तो असा उचलला की विचारू नका! आपलं माणूस बरं होतंय असं तिकडे मोठ्यानं म्हणत नाहीत, दृष्ट लागते. कुंडलच्या एका आजीनं मला बाजूला घेऊन समजावलं, "बरं हाय म्हनायचं न्हाई, बाई. इम्प्रूव्हमेंट म्हनावं. दिष्टीला विंग्रजी येत न्हाई."

हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक रिटायर्ड सुभेदार होते. रोज सकाळी चहाचा घोट घ्यायचे, कप खाली ठेवायचे आणि रिपोर्ट द्यायचे, "सिस्टर, चहात काडीची इम्प्रूव्हमेंट न्हाई." चहा मीच करत होते.

मग शब्द दवाखान्याबाहेर पडला. द्राक्षबागवाल्या एक काकू हाताचं ड्रेसिंग करून घेता घेता कानाशी लागल्या, "सूनबाईकडं इम्प्रूव्हमेंट हाय."

मी विचारलं, "काय होतंय त्यांना?"

"तिला काय धाड भरलीया? तिसरा म्हैना हाय!"

आता बिरूआण्णांचं सांगते. पूर्वेकडच्या कोरड्या भागातले, मेंढरं राखणारे. मूलबाळ नाही. बायको आमच्याकडे अ‍ॅडमिट होती. दवाखान्यामागं तीन दगड मांडून आण्णा स्वतः दोन भाकरी थापायचे, एक तिची, एक त्यांची. रोज विचारायचे, "सिस्टर, इम्प्रूव्हमेंट?" मी म्हणायचे, "आहे." एक दिवस मला ते म्हणता आलं नाही. ती गेली.

पुढच्या बाजारच्या दिवशी आण्णा दुपारी दारात उभे. फडक्यात एक भाकरी.

"हात ऐकत न्हाई, सिस्टर. रोज दोन व्हत्यात. ही तुमी खावा."

तेव्हापासून दर बाजाराला ते दोन्ही भाकरी बांधून यायचे. मी भाकरीशी खायला कोरड्यास, म्हणजे कालवण, करून ठेवायचे, आम्ही व्हरांड्यात बसून जेवायचो. बोलणं फारसं नसायचं. पण समोर कुणी जेवतंय, एवढंच मला खूप होतं. आठवडाभर मी त्या दुपारची वाट बघायचे, हे उघड सांगते.

थंडी सरता सरता एकदा आण्णा आले. मी दोन ताटल्या मांडून बसले होते. त्यांचे हात मोकळे.

"बसत न्हाई आज. जेवून निघालोया," ते म्हणाले. "चार-पाच दिस झालं, सिस्टर. एकच थापतोय. इम्प्रूव्हमेंट हाय."

"आहे, आण्णा," मी म्हणाले, आणि एक ताटली उचलून ठेवली.