वहिनीचा लोटा

११ मार्च १९५६, रविवार, सकाळी सहा. हजर: शाळेचे कसरतमास्तर, शाळेतल्या माझ्याबरोबरच्या दोन शिक्षिका, पोस्टमन, मिलच्या कारकुनाची बायको, माझी वहिनी आणि मी. गैरहजर: कोणी नाही.

वर्गाची हजेरी मी ठेवत असे. जागा गावाबाहेरच्या धानाच्या मिलमधली, उकडा तांदूळ करायची कोठी. रात्रभर तिथे वाफेवर धान उकडायचं. पहाटे कोठी रिकामी झाली तरी भिंती तापलेल्या आणि हवा ओली असायची. अशा उबेत आसनं केली की आखडलेलं अंग सुटतं, असं मास्तर म्हणत. पौषाच्या थंडीत ते खरंही ठरलं. माझी पाठ मोकळी झाली, पोस्टमनला झोप लागू लागली.

मुख्य फायदा वहिनीला झाला. भाऊ गेल्यापासून तिचं घर धानाची रोपं लावणाऱ्या रोवणीच्या टोळीतल्या मजुरीवर चालत होतं, आणि मागच्या पावसाळ्यात तिचे गुडघे वाकेनासे झाले होते. चिखलात वाकता आलं नाही तर टोळीत जागा नाही. म्हणून मीच तिला वर्गात आणलं. दीड महिन्यात ती उकिडवी बसू लागली. वहीत मी तशी नोंद केली.

मास्तरांचा नियम कडक होता. यायचं उपाशीपोटी, आणि तासभर पाण्याचा थेंब नाही. "पाणी पेल्लं का आंग थंडं पडते, मंग नस धरते," ते सांगत. पन्नाशीचे मास्तर तासाच्या शेवटीही डुलत नसत. त्यांच्याकडे पाहून आम्हाला आमच्या तहानेची लाज वाटायची.

त्या सकाळी बाहेरही उकाडा होता. वहिनीने पदराखालून पितळेचा लोटा आणला होता.

"बाई, एकच घोट. तोंड सुकून राह्यलं."

"नियम म्हणजे नियम, वहिनी."

"शाळंतल्या पोरीवानी धरता जी मले!" ती हसली आणि तिने लोटा दिला. मी तो पिशवीत टाकला.

पाऊण तास झाला असेल. वाकलेली वहिनी सरळ झाली, तिचे डोळे फिरले आणि ती आडवी कोसळली. पाय अंगाखाली मुडपला. तिला बाहेर सावलीत नेलं. लोट्याची मला आठवणच राहिली नाही. मी पाण्यासाठी भट्टीकडे धावले. भट्टीवाल्याने एक मडकं पुढे केलं.

"हे घ्या, मिठाची पेज हाय. मास्तरची."

"मास्तरांची?"

"रोज दोन गिलास पिऊनच आत जाते ना तो. तुमाले मालूम नाई? मले वाटलं, सारेच पेते."

पेज पाजल्यावर वहिनीने डोळे उघडले, पण कंबरेतून पाय हलवता येईना. दुपारी मी मास्तरांच्या घरी गेले. त्यांनी नाकारलं नाही.

"बाई, साऱ्याईनं पेल्ली असती तं मधातच बाहेर जायले उठले असते. मी बिनपाण्याचा टिकतो हे पाहूनच तं लोक येत होते."

"आणि वहिनी?"

"तिचा लोटा मी नाई घेतला," मास्तर म्हणाले.

लोटा अजून माझ्याच पिशवीत होता. अडीच महिने मी त्यांचा नियम त्यांच्यापेक्षा कडक पाळून घेतला होता. जूनमध्ये त्यांची धानोऱ्याला बदली झाली. तिथेही वर्ग सुरू केल्याचं ऐकते.

बाकीच्यांच्या घरी जाऊन मी सांगून आले: घाम गेला की पाणी आणि मीठ घ्यावंच लागतं. तापलेलं अंग झेपेल त्याहून जास्त वाकतं, आणि स्नायूला ओढ बसल्याचं अंग थंड झाल्यावर कळतं. पौषात सोसलं ते मार्चच्या उकाड्यात सोसत नाही. पेजेचंही सांगितलं. वहीतल्या चारही नावांपुढे खूण केली.

त्या वर्षी टोळीने वहिनीला बांधावर बसवलं, रोपांच्या जुड्या द्यायला. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "मीच कच्ची निघाली, बाई. मास्तरले पाहा, त्याले काई होत नाई."

मी तिच्याजवळ बसले, चहा प्यायले आणि घरी आले.

लोटा माझ्या कपाटात, हजेरीच्या वहीमागे आहे. रविवारच्या कामांची यादी आजही केली. कंदिलाची काच आणली, रॉकेल आणलं, उशांचे अभ्रे शिवले. पहिली ओळ तशीच, खुणेविना आहे: वहिनीला लोटा देणे, पेजेचं सांगणे.