पेनड्राइव्हवर काय भरवसा

मी चिकित्सक माणूस आहे. भेंडीसुद्धा टोक मोडून पाहिल्याशिवाय घेत नाही. सगळी नोकरी जमीन मोजणीच्या कचेरीत गेली, त्यामुळे काहीही दोनदा मोजायची सवय अंगात मुरली आहे. बायको म्हणते, यमदूत दारात आला तरी हे आधी त्याचं ओळखपत्र बघतील. निवृत्तीनंतर भिसेगावच्या घरात कॉम्प्युटर घेतला आणि लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट त्यात उतरवून द्यायचा नाद लावून घेतला.

खालापूरच्या भाभी अशीच एक कॅसेट घेऊन आल्या. आमच्या घरचे ब्लाउज वर्षानुवर्षं त्याच शिवतात. त्यांचे मिस्टर जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या घरात भिंतीवर माणसांचे फोटो लावत नाहीत, आणि मिस्टर तर कॅमेरा दिसला की बाजूला व्हायचे. मतदान कार्डावर एक फोटो होता, पण तो कुणाचाही वाटावा असा. राहिली होती ती भाभींच्या भावाच्या लग्नाची ही कॅसेट. भावाकडची पुरात गेली होती.

"जेवनं चालली हायत तिथं ते हायत," भाभी म्हणाल्या. "मला हाक मारतात एकदा. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठं नाय."

इथेच बसून बघा म्हटलं, तर मानेनं नको म्हणाल्या. लेक माहेरी आली की घरी बघणार होत्या.

कॅसेटला बुरशी लागली होती. पुसूनबिसून मशीनमध्ये घातली आणि ती चालू असताना मी बाहेर मोगऱ्याची छाटणी करत बसलो. शेवटी उलटी गुंडाळताना फीत अडकली आणि तिचा चोथा झाला. मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण सगळं कॉम्प्युटरमध्ये आलं होतं. फाइलची सुरुवात पाहिली, शेवट पाहिला आणि बंद केली.

आठवड्यानं भाभी दोन गाड्या बदलून परत आल्या. लेकीनं दिलेला पेनड्राइव्ह त्यांनी अस्तराच्या कापडात गुंडाळून आणला होता. तो मी हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"पेनड्राइव्हवर काय भरवसा, भाभी? आज आहे, उद्या नाही. आधी माझ्याकडे बॅकअपची पक्की सोय होऊ दे. चांगलं सॉफ्टवेअर बघतोय. मग तुम्हाला व्यवस्थित कॉपी देतो."

"तुमाला समजतं त्यातलं, भाऊ," त्या म्हणाल्या आणि पेनड्राइव्ह पुन्हा कापडात गुंडाळला. पाच मिनिटांचं काम होतं. ते न करता मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मग मी सॉफ्टवेअर शोधायला बसलो. लोक मुलीसाठी स्थळं बघत नाहीत इतकी मी सॉफ्टवेअरं बघितली. दोनशे पानी वही घातली आणि रकाने आखले. अख्ख्या डिस्कची नक्कल करणारं कुठलं, रोज बदललेलं तेवढंच उचलणारं कुठलं, उचललेलं परत जागेवर ठेवता येतं का, हे सगळं लिहीत गेलो. महिनाभर फुकट वापरून बघता येणारी चार आणली. एक फार हळू चालायचं, म्हणून काढलं. एक चांगलं होतं, पण कुठल्याशा परदेशी माणसानं त्याला नावं ठेवलेली वाचली आणि तेही काढलं. बाहेरून जोडायची नवी डिस्क आणली होती, ती खोक्यात प्लास्टिकसकट पडून होती. आधी सॉफ्टवेअर ठरू दे, मग डिस्क उघडू, असा माझा हिशोब.

कर्जत स्टेशनाजवळच्या दुरुस्तीवाल्याला वही दाखवली. त्यानं दोन पानं उलटली आणि म्हणाला, "काका, कुठलंबी घ्या, पन आज घ्या." मला त्याचा राग आला. याला आपल्या कामातलं काही कळत नाही, असं वाटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." तिचाही राग आला. भाभींचा मधे दोनदा फोन आला. लेक आली होती, परत सासरी गेली. पुढच्या खेपेला नक्की, म्हणालो.

एका सकाळी कॉम्प्युटर चालू केला आणि आतून टक टक असा आवाज आला. पडदा काळाच राहिला. दुरुस्तीवाल्यानं डिस्क कानाशी धरून ऐकली आणि माझ्या हातात ठेवली. पुढे मुंबईला एकाकडे पाठवली. आतली चकती खरवडली गेली आहे, काहीही निघणार नाही, असं त्यानं कळवलं. मी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. वहीत तेव्हा दोन नावं उरली होती, आणि त्या दोन्ही सॉफ्टवेअरना आता माझ्याकडून उचलण्यासारखं काही नव्हतं.

खालापूरला मी स्वतः गेलो. एवढं तरी केलं. भाभी मशीनवर बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी पायडल थांबवलं आणि कापडात सुई होती ती वर केली. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग म्हणाल्या, "तुमी तरी बघितलंत ना, भाऊ? उतरवताना? सांगा ना, कसे दिसत होते."

मी मोगरा छाटत होतो, हे तोंडातून निघेना. वाटलं, काहीतरी त्यांच्या पदरात टाकावं.

"छान दिसत होते," मी म्हणालो. "वाढत होते सगळ्यांना. हसत होते."

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला अजूनही सहन होत नाही.

"हसताना कुठनं दिसले तुमाला?" त्या हळूच म्हणाल्या. "अख्ख्या कॅसेटमदी पाठमोरेच हायत ते."