आयेले क्वायेचे सात झगे

टेमा बंदरामागच्या औषधांच्या गोदामात आयेले क्वाये कामाला लागली, तेव्हा तिच्या हातात पेन्सिल होती आणि पायाखाली शिडी. वर चढायचं, कुठल्या फळीवर कुठलं खोकं आहे ते बघायचं, आणि खाली लिहून घेणाऱ्याला ओरडून सांगायचं. ओरडणं तिला झकास जमे. फोर्कलिफ्टवाला त्साट्सू म्हणायचा, "आंटी, जरा हळू. समुद्रातल्या कोळ्यांना वाटलं, होड्या परत बोलावल्या!"

पुढे गोदामात कॉम्प्युटर आले आणि ओरडायची गरज संपली. आयेलेच्या हातात ब्रश आला. मशीनवरची धूळ काढायची, बस. लोकांना वाटलं, बाई खट्टू होणार. ती कुठली! शिडी सुटली म्हणून तिनं घरी जाऊन दोन्ही गुडघ्यांना तेल चोळलं आणि चोळता चोळता देवाचे आभार मानले, एका गुडघ्याचे वेगळे, दुसऱ्याचे वेगळे.

महिन्याभरात तिला कळलं की या डब्यांनाही गळा असतो. प्रत्येकाच्या पोटात एक पंखा, आणि प्रत्येक पंख्याची बोली निराळी. एक नंबरचा 'हुंऽऽऽ' करायचा, पोटभर जेवलेल्या पाद्रीबाबांसारखा. सहा नंबर सारखी शिट्टी मारायचा, म्हणून त्याचं नाव 'कंडक्टर'. आणि चार नंबर, तो तर जन्माचा दमेकरी.

फुसेनी हा तरुण इंजिनियर उत्तरेकडच्या टामालेहून नवीनच आला होता. पहिल्याच आठवड्यात त्याला फोन गेला.

"हॅलो, फुसेनी साहेब? चार नंबर आजारी आहे."

"काय होतंय त्याला?"

"खर्र-टक. खर्र-टक. खर्र-टक. मग ईईऽक."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज. मग, "आंटी, ते ईईक परत करा बरं."

तिनं केलं. मन लावून केलं. शेजारून जाणारा त्साट्सू फोर्कलिफ्ट थांबवून बघायला लागला.

"पंख्याचं बेअरिंग गेलंय," फुसेनी म्हणाला. "येतो."

त्या दिवसापासून फुसेनी मशीनला कान लावायच्या आधी आंटीला विचारायला लागला. दुपारी दोघं एकत्र जेवत. आंबवलेल्या मक्याच्या पिठाच्या केंकीचा पहिला घास घेताना तो रोज तोंड वाकडं करायचा, "आंटी, हा आंबट गोळा तुम्ही लोक आनंदानं खाता?" आणि ती रोज म्हणायची, "तू तिसरा गोळा संपव, मग बोल." आंटीला मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. फुसेनीची आई टामालेत. हिशेब कुणी मांडला नाही, पण जमला.

मग गोदामाचं रूप पालटलं. फळ्या छताला भिडल्या, आठ ओळी झाल्या, आणि प्रत्येक ओळीत रुळांवरून धावणाऱ्या चपट्या गाड्या आल्या. गाडी आपली आपण जाते, खोकं उचलते, खाली आणून देते. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक कॉम्प्युटर, त्या ओळीच्या गाड्यांना हुकूम सोडणारा. ते कसले असावेत यावरून मोठा वाद झाला. दरवर्षी नाताळच्या सुमाराला हरमाटन सुटतो. वाळवंटाकडून वारा येतो, ओठ फुटतात, आणि पिठासारखी लाल धूळ बंद कपाटातल्या कपातही जाऊन बसते. पंखेवाले कॉम्प्युटर ती धूळ स्वतःच ओढून घ्यायचे आणि जानेवारीत घुसमटून मरायचे. फुसेनीचं म्हणणं, पंखाच नको. चहूबाजूंनी बंद, जड लोखंडी अंगाचे, पाठीवर कंगव्यासारख्या पट्ट्या असलेले कॉम्प्युटर घ्या. आतली ऊब त्या पट्ट्यांतूनच बाहेर पडते.

मॅनेजर मिस्टर आग्बेकोंना हे पटेना. ते कधीच थेट बोलत नसत. "इंजिनियर, मी काही म्हणत नाहीये. मी कोण म्हणणारा? पण मी म्हणतो, श्वासच घेत नाही ते मशीन जगणार कसं?" आणि खुर्चीत मागे रेलत. ती खुर्ची पाच वर्षांपूर्वी आली, पण तिच्यावरचं प्लॅस्टिक त्यांनी अजून काढू दिलं नव्हतं. ते रेलले की 'चुर्र', पुढे झुकले की 'चुर्र-चुर्र'. सगळं गोदाम त्या आवाजावरून साहेबांचा मूड ओळखे.

शेवटी फुसेनीनं आपली मान पुढे केली. "बिघडले तर माझी नोकरी घ्या." चुर्र. "मी काही म्हणत नाहीये," साहेब म्हणाले, आणि सही केली.

नवे आले. काळे, जड, गुपचूप. आयेले त्यांच्याजवळ कान नेऊन उभी राहायची. काही नाही. पाद्री नाही, कंडक्टर नाही, दमेकरी नाही. धूळही आत जाईना, त्यामुळे वरून एक फडका मारला की काम संपलं. तिची साठी आली होती, निवृत्तीला अकरा दिवस उरले होते, आणि या आठ मुक्यांना आपण काहीच दिलं नाही ही रुखरुख तिला लागून राहिली.

निवृत्तीनंतरच्या रविवारी चर्चमध्ये तिची आभारप्रार्थना ठरली होती. त्यासाठी तिनं पांढऱ्यावर निळी फुलं असलेलं कापड आणलं होतं. शिंपीण मामले म्हणाली, "आयुष्यात एकदाच साठ होतेस, बाह्या मोठ्या घेऊ." घेतल्या. अशा घेतल्या की एकेका बाहीत एकेक बाळ झोपेल. उरलेल्या कापडाचे आयेलेनं झगे शिवले. कॉम्प्युटरना! खाली जाड अस्तर, मध्ये प्लॅस्टिक, खालच्या कडेला झालर. वायरींना समोरून जागा. टेमात कुठल्याही घरी जा, टीव्हीला झगा असतो, फ्रिजला असतो, रिमोटसुद्धा पिशवीत गुंडाळलेला असतो. आपली वस्तू आपण झाकतो. त्यातून हरमाटन सुटलेला. कापड सात झग्यांना पुरलं. शुक्रवारी संध्याकाळी काम थांबल्यावर सातांना ते चढवून ती आठव्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माफ कर बाबा. तुझा झगा माझ्या बाह्यांनी खाल्ला."

फुसेनीनं फोटो काढून आईला पाठवला. "आंटी, लग्नाला निघाल्यासारखे दिसतायत."

शनिवारी सकाळी काम सुरू झालं आणि तासाभरात पहिल्या ओळीतल्या गाड्या मंदावल्या, मग थांबल्या. मग तिसऱ्या. दहापर्यंत सात ओळी गार. गाड्या वर अडकलेल्या, खाली हॉस्पिटलांच्या व्हॅन उभ्या, आणि त्साट्सू बिचारा जुनी शिडी शोधत फिरत होता. "आंटी, ओरडायची तयारी ठेवा!"

फुसेनीनं तपासलं. कॉम्प्युटर तापून स्वतःहून बंद होत होते. निववून सुरू करावेत, तर तासाभरात परत बंद. त्यानं दोन नंबर काढून आपल्या टेबलावर नेला. तिथं तो दोन तास लोण्यासारखा चालला. परत जागेवर बसवला. आयेलेनं लगबगीनं झगा चढवला, झालर सारखी केली, "उगाच धूळ नको." तासाभरात दोन नंबर मेला.

मिस्टर आग्बेको सगळ्यांदेखत म्हणाले, "मी काही म्हणत नाहीये. पण पाच वाजेपर्यंत हे नीट झालं नाही, तर सोमवारी मशीन परत जातील, आणि मशीन निवडणारे टामालेला परत जातील." मग फुसेनीला घेऊन ते केबिनमध्ये गेले.

आयेलेचे पाय तिला कुठेही नेत होते. ते तिला आठव्या ओळीपाशी घेऊन गेले. तिथं गाड्या आपल्या सुखात पळत होत्या.

"तूच कसा रे धडधाकट?" तिनं विचारलं. "एकाच खोक्यातून आलात ना सगळे?"

पोराचा ताप बघावा तसा तिनं हाताचा मागचा भाग त्याच्या पाठीवरच्या पट्ट्यांना लावला. कोमट. मग ती सातव्याकडे गेली, झग्याखाली हात घातला, आणि झटकन मागे घेतला. तवा! ती आठव्याकडे बघत राहिली. उघडा, धूळ बसलेला, मजेत. मग स्वतःच्या झालरीकडे बघितलं. "अगं बाई," ती पुटपुटली. "मी लेकरांना गोधडीत कोंबलं."

तिनं एकेक झगा उतरवला. घड्या करून पिशवीत भरल्या. मशीन निवायला वीस मिनिटं दिली आणि फुसेनी करायचा तसं एकेकाचं बटण दाबलं. हिरवे दिवे लागले. पहिली ओळ हलली, दुसरी हलली, खोकी खाली यायला लागली, त्साट्सूनं हॉर्नवर गाणं वाजवलं.

पिशवी तिच्या खांद्याला होती. निवृत्तीला आता आठच दिवस उरले होते. मशीन सुरू होते. कुणाला काही कळायची गरज नव्हती.

पण केबिनच्या दारातून आवाज येत होता. "बघा! आपोआप सुरू झालं. जे आपोआप सुरू होतं, ते आपोआप बंदही पडतं. मी काही म्हणत नाहीये इंजिनियर, पण पत्र तयार आहे."

आयेले आत गेली आणि पिशवी टेबलावर उलटी केली. निळी फुलं पसरली.

"आपोआप नाही साहेब. मी बंद पाडले. त्यांची पाठ उघडी हवी होती, मी अस्तर लावून झाकली. आठवा उघडा राहिला म्हणून वाचला. ह्या पोराचा दोष नाही. पत्र माझ्या नावानं लिहा."

फुसेनीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "माझ्या डोळ्यांसमोर होतं! मी त्याचा फोटोही काढला, आंटी!"

मिस्टर आग्बेकोंचा चेहरा फुगला. "मादाम आयेले! इतकी वर्षं! कुठल्या शहाण्या माणसानं ऑफिसातल्या वस्तूवर असलं काही चढवलेलं..." आणि ते तावातावानं पुढे झुकले.

चुर्र-चुर्र.

दारातल्या त्साट्सूनं छताकडे बघितलं. फुसेनीनं ओठ चावले. साहेबांनी हळूच मागे रेलायचा प्रयत्न केला. चुऽऽर्र.

मग ते म्हणाले, "मी काही म्हणत नाहीये." पत्राचे दोन तुकडे केले, आणि खुर्चीच्या हाताखालचं प्लॅस्टिक नखानं सोलायला लागले.

तिच्या आभारप्रार्थनेला आख्खं गोदाम आलं. फुसेनी शुक्रवारच्या नमाजाचा पांढरा झगा घालून चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला होता. सात झग्यांचं अस्तर काढून मामलेनं त्यांचे रुमाल करून दिले होते. एक फुसेनीच्या गळ्यात होता, एक मिस्टर आग्बेकोंच्या खिशात. ढोल वाजायला लागले. आयेले नाचत नाचत पुढे गेली, गुडघे कुरकुरले तरी गेली, आणि देवानं काय काय दिलं त्याची साक्ष द्यायला उभी राहिली.

"शिडीवरून मी कधी पडले नाही, त्याबद्दल आभार," ती म्हणाली. "शिडी सुटली, त्याबद्दलही. मला टामालेहून लेक मिळाला, त्याबद्दल. तो केंकीला नावं ठेवतो, त्याला क्षमा कर." लोक हसले. "आणि मामलेला आशीर्वाद दे, तिनं माझ्या बाह्या एवढ्या मोठ्या कापल्या, त्याबद्दल."

हे मात्र चर्चच्या नेहमीच्या मंडळींत कुणाला समजलं नाही. मागच्या बाकांवरच्या गोदामवाल्यांत हशा उसळला, त्साट्सू तर बाकाखालीच गेला. मामले चकित होऊन वळून बघायला लागली. आयेलेनं दोन्ही हात वर केले, बाह्या शिडासारख्या फुगल्या, आणि शेवटच्या बाकावरून फुसेनीनं खणखणीत आवाजात साथ दिली: "खर्र-टक! खर्र-टक! ईईऽक!"