तिसऱ्या अंकाच्या जागी सत्कार

आमच्या मराठी मंडळाला नाटकापेक्षा सत्कार प्यारा, हे मला ठाऊक होतं. पण दिग्दर्शिकेच्या सत्कारासाठी तिच्याच नाटकाचा गळा घोटतील, असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं डोकं फिरतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, पिस्कॅटवेला राहायचो. माझी मुलगी ज्या बाईंकडे गाणं शिकायची, त्या युक्रेनच्या. तिकडे त्या आधी गायिका म्हणून गाजल्या, मग अभिनेत्री झाल्या आणि पुढे स्वतःच नाटकं बसवू लागल्या. त्यांचं शेवटचं नाटक सरकारी माणसांनी दुसऱ्या अंकानंतर बंद पाडलं. नंतर त्यांना कुणी रंगमंचावर उभं राहू दिलं नाही. ‘शेवट फक्त तालमीत झाला, प्रेक्षकांनी पाहिलाच नाही,’ हे त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. त्यांना आयुष्यात एकदा तरी आपण बसवलेला शेवट भरल्या हॉलमध्ये बघायचा होता.

गणपतीतल्या आमच्या नाटकाचा दिग्दर्शक नोकरी बदलून ऐन वेळी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला गेला, तेव्हा मी बाईंना गळ घातली. मराठीचा एक शब्द येत नसताना त्या आमच्या बेसमेंटमध्ये तालमीला यायला लागल्या. त्यांनी शेवटचा, तिसरा अंक आधी बसवायला घेतला. त्यात आई घराला कुलूप लावून अमेरिकेतल्या मुलाकडे निघते आणि निघता निघता ओवी म्हणते. आईचं काम माझं. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच थांबवून इंग्रजीत सांगायच्या,

“तू गातेयस. गाऊ नकोस, घर बंद कर.”

महिनाभर मी ते घर बंद करत होते. शेवटी एकदा त्यांनी डोळे पुसले, तेव्हा कुठे मला जमल्यासारखं वाटलं.

प्रयोग शाळेच्या हॉलमध्ये होता, दुपारी. दुसरा अंक संपला, पडदा पडला, आणि मंडळाचे अध्यक्ष माइक घेऊन पुढे आले. पाच मिनिटांचा सत्कार, म्हणाले. शाल झाली, नारळ झाला, हार झाला. मग खजिनदार बोलले, माजी अध्यक्ष बोलले, माजी अध्यक्षांच्या पत्नी बोलल्या. सगळ्यांच्या तोंडी ‘आपल्या रशियन दिग्दर्शिका’! बाईंनी माइकपाशी वाकून सांगितलं, “युक्रेनियन.”

“सेम थिंग!” अध्यक्ष हसले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!

मी विंगेत नऊवारी नेसून, हातात कुलूप घेऊन उभी. तेवढ्यात शाळेचा माणूस आला आणि हॉल रिकामा करायची वेळ झाली म्हणाला. अध्यक्षांनी लगेच जाहीर केलं, “वेळेअभावी तिसरा अंक होऊ शकणार नाही. नाटक फारच छान झालं. श्रीखंड-पुरी कॅफेटेरियात आहे.” लोक उठलेसुद्धा. एकाही माणसाने विचारलं नाही की त्या आईचं पुढे काय झालं.

बाई स्टेजवरच्या खुर्चीवरून हलल्या नव्हत्या. मी जवळ गेले तशी त्यांनी हार काढला आणि शालीची घडी घातली.

“तिकडे बंद पाडलं, तेव्हा मी निदान त्यांना शिव्या दिल्या,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तर हार घातलात. आता मी कुणावर ओरडू?”

मग मीच ओरडले. कॅफेटेरियात, पुऱ्यांच्या रांगेसमोर, सगळ्यांच्या देखत.

“अहो वहिनी, कॅन्सल कुठे केलं? थोडं शॉर्ट केलं!” अध्यक्ष चमचा हलवत म्हणाले. “आणि त्यांचा सत्कार किती ग्रँड झाला, बघितलंत ना?”

मी बाईंचा नारळ अध्यक्षांच्या ताटाशेजारी ठेवला आणि न जेवता निघून आले.

पुढच्या वर्षी मंडळाने बाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, “तिसरा अंक आहे का?”

त्या वर्षी नाटकच नव्हतं. नुसते सत्कार होते.